क्रिकेटच्या नादात माणसं किती विचित्र वागतात? तुमच्या पाहण्यातला सगळ्यात भारी नमुना कोणता?

प्रश्न वाचल्या वाचल्या माझ्या डोळ्यासमोर एकच माणूस आला, माझे मोठे मामा. नाव सांगत नाही, इंदूरात मराठी माणसं एकमेकांना लगेच ओळखतात आणि मग मामी मला फोन करतील.

मामा इंदूरचे, बँकेतून रिटायर झालेले, बाकी एकदम सरळ माणूस, सकाळी पोहे-जिलबी, संध्याकाळी देवळात, उधारी नाही भांडण नाही. फक्त क्रिकेटचं एक आहे की त्यांचा पक्का विश्वास आहे की ते स्टेडियमच्या आत जाऊन बसले की काहीतरी भयंकर होतं. टीव्हीवर बघायला काही हरकत नाही (तिथेही थोडं आहे, ते पुढे सांगते), पण गेटच्या आत पाय ठेवायचा नाही.

आता हे काही उगाच डोक्यात आलेलं नाही, त्याला कारण आहे. २५ डिसेंबर १९९७, नेहरू स्टेडियम, भारत-श्रीलंका वनडे. मामांनी कुणाच्या तरी ओळखीनं तिकीट मिळवलेलं, मामींनी दशम्या आणि लसणाची चटणी बांधून दिलेली, दुपारपर्यंतची सोय करून मामा गेले. आणि तीन ओव्हर. तीन ओव्हरमध्ये मॅच बंद! पिच इतकं वाईट होतं की एक बॉल घोट्याशी सरपटायचा आणि पुढचा तिथूनच अंगावर उसळायचा, दोन्ही कॅप्टन आणि रेफरी बोलले आणि मॅच रद्द. लोकांनी चिडू नये म्हणून नंतर शेजारच्या पट्टीवर एक दिखाव्याची मॅच खेळवली म्हणे, पण मामा त्याच्या आधीच घरी परत आलेले. दशम्यांचा डबा न उघडता. मामी म्हणाल्या, अहो काय झालं, तर म्हणाले, "माझ्यामुळे मॅच रद्द झाली." गमतीत नाही हो, अगदी गंभीरपणे, बँकेत हिशोबात आपली चूक निघावी तसं.

घरचे हसले, झालं. पण मग आली ३१ मार्च २००१. परत नेहरू स्टेडियम, या वेळी ऑस्ट्रेलिया. मामा बँकेतले, ३१ मार्च म्हणजे क्लोजिंग, सुट्टी मिळायचा प्रश्नच नव्हता, लेजरमध्ये डोकं घालून बसलेले. आणि तिकडे सचिननं १३९ मारले आणि त्याच मॅचमध्ये वनडेतले दहा हजार रन पूर्ण केले, जगात पहिला! आपल्या गावात, घरापासून रिक्षानं पंधरा मिनिटांवर. दुसरा कुणी असता तर आयुष्यभर हळहळला असता. मामा मात्र घरी आले ते खुशीत, हातपाय धुतले आणि म्हणाले, "बघितलंत? मी नव्हतो."

बस, तिथून सिद्धांत पक्का झाला.

एक सांगते, मामांना यात एकट्यालाच वेडं ठरवू नका, मॅच आपल्यावर अवलंबून आहे असं वाटणं हा आमच्या गावाचा जुना आजार आहे. आजोबा सांगायचे की १९४५-४६ ला होळकर संघानं म्हैसूरविरुद्ध इथे ८ बाद ९१२ काढले, एका डावात सहा जणांची शतकं, आणि आजोबा ते बघायला रोज त्याच झाडाखाली त्याच बाजूला बसायचे, त्यामुळे त्या ९१२ मध्ये थोडा वाटा आपलाही आहे असं ते मरेपर्यंत मानत होते. आणि आमचे मुश्ताक अली, त्या काळचे भारताचे बॅट्समन! त्यांना टीममधून वगळलं तेव्हा तिकडे कलकत्त्याला लोकांनी 'नो मुश्ताक, नो टेस्ट' अशा घोषणा देऊन त्यांना परत घ्यायला लावलं. बंगाली लोकांनी इंदूरच्या माणसासाठी दंगा करायचा, यातच काय ते आलं.

आणि विजय बल्ला. तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलाय माहीत नाही, नेहरू स्टेडियमपाशी सिमेंटची एक भलीमोठी बॅट उभी आहे. १९७१ ला अजित वाडेकरांच्या भारतीय टीमनं आधी वेस्ट इंडीज आणि मग इंग्लंड, दोन्हीकडे जाऊन सिरीज जिंकल्या, त्याच्या कौतुकात गावानं ही बॅट उभारली, वर खेळाडूंची नावं. तीन वर्षांनी, जून १९७४, लॉर्ड्सला तीच आपली टीम ४२ मध्ये ऑल आउट झाली, आणि इथल्या लोकांनी रागारागात जाऊन त्याच बॅटला काळं फासलं. म्हणजे मॅच लंडनला, हरणारे तिथे, आणि शिक्षा कुणाला तर इंदूरच्या सिमेंटला! मामा तेव्हा चौदा वर्षांचे. मी एकदा विचारलं, मामा तुम्ही होतात का त्यात. जरा थांबले आणि म्हणाले, "मी काही फासलं नाही. डबा धरला होता फक्त."

तर ८ डिसेंबर २०११. होळकर स्टेडियम, वेस्ट इंडीज, डे-नाइट. दादाला (म्हणजे मामांच्या मुलाला) ऑफिसातून तीन पास मिळाले, मी, दादा आणि मामा. मामा येणार नाही म्हणाले, मग मामी म्हणाल्या की अहो पोरं एवढ्या प्रेमानं बोलवतायत, मग निघाले एकदाचे हाफ डे टाकून. गेटपर्यंत आले. तिथे माणसांची ही रांग, गालावर तिरंगा रंगवून देणारी पोरं, पिपाण्या. आणि रांगेत आमचा नंबर आला तसे मामा बाजूला झाले आणि म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे. मी इथे आहे." रस्त्यापलीकडे एक चहाची टपरी होती, तिथे जाऊन स्टुलावर बसले. किती विनवण्या केल्या. शेवटी गेलो आम्ही आत, मामांची खुर्ची रिकामी, आणि त्या गर्दीत ती रिकामी खुर्ची चार तास राखणं म्हणजे काय ते मला विचारा, तीन वेळा लोकांशी भांडले मी.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, सेहवाग. १४९ बॉलमध्ये २१९, पंचवीस चौके, सात छक्के, भारत ५ बाद ४१८.

पण मला सांगायचंय ते बाहेरचं. इनिंग संपल्यावर फोन लागेना म्हणून मी मामांना शोधत बाहेर आले, तर मामा तिथेच, पाचवा की सहावा चहा चालू, आणि हातात त्यांचा तो न वापरलेला पास. पासाच्या पाठीमागे पेननं बारीक रेघोट्या मारलेल्या, उभी रेघ म्हणजे चौका, फुली म्हणजे छक्का. टपरीवर ना टीव्ही ना रेडिओ. नुसत्या आवाजावर! मला समजावून सांगितलं त्यांनी, की चौक्याचा आवाज एकदम उठतो आणि पटकन खाली बसतो. छक्क्याच्या आधी एक क्षण सगळं शांत होतं, कारण बॉल वर असतो आणि सगळ्यांची तोंडं उघडी असतात, आणि मग फुटतं. विकेट पडली की आवाज येतच नाही, कुकरची शिट्टी काढल्यासारखं फुस्स होतं. हा कान लहानपणापासूनचा आहे, मामांची अर्धी जिंदगी रेडिओला कान लावून गेलीय, आणि हिंदी कॉमेंट्रीवाले सुशील दोशीही आमच्याच गावचे, तेव्हा शिक्षण घरचंच.

मोजलं. फुल्या सात, बरोब्बर. रेघा मात्र सव्वीस, एक जास्त. सेहवागचा चौका आणि गंभीर-रैनाचा चौका आवाजात वेगळा कळतो असा त्यांचा दावा होता, तो मी सोडून दिला, पण ही एक रेघ जास्त कुठून आली यावर दोन दिवस त्यांची झोप उडाली. मग रविवारी हायलाइट्स बघताना उलगडा झाला. सेहवाग १७० वर असताना वेस्ट इंडीजच्या सॅमीनं अगदी सोपा कॅच सोडला होता, त्या वेळी जो आवाज झाला तो मामांनी चौका म्हणून धरला होता! "हिशोब लागला," म्हणाले आणि त्या रेघेवर गोल करून बाजूला 'कॅच सुटला' असं लिहून सही केली. तो पास अजून त्यांच्या पासबुकांच्या फाइलमध्ये आहे.

रात्री राजवाड्यावर ही गर्दी, इंदूरचं तेच आहे, मॅच जिंकली की तिरंगा घेऊन राजवाड्यावर, मग सराफ्यात खाणं. मामा तिथे नाचले, हो, नाचले. घरी आल्यावर मात्र मामींनी हवा काढली. मामी ग्वाल्हेरच्या आहेत, आणि सचिनचे ते पहिले २०० ग्वाल्हेरला झालेले, २४ फेब्रुवारी २०१०, तेव्हापासून पावणेदोन वर्षं त्या मामांना ऐकवत होत्या की जगातलं पहिलं आमच्याकडे झालं. पुरुषांच्या वनडेतली पहिली दोन्ही द्विशतकं मध्य प्रदेशातच झाली यावर मी म्हटलं आता तरी समेट करा. तर मामी भाजी परतता परतता म्हणाल्या, "आमचा सचिन नाबाद होता. यांचा आउट झाला."

२०१४ ला रोहितनं कलकत्त्याला २६४ मारले तेव्हाच कुठे ते भांडण मिटलं.

टीव्हीचं काय ते म्हटलं होतं ना, तर २०२२ ची रणजी फायनल. मध्य प्रदेश विरुद्ध मुंबई, बंगळूरला. इथल्या मराठी माणसाची यात जी गोची होते ती महाराष्ट्रातल्या लोकांना कळायची नाही, अर्धे नातेवाईक दादर-डोंबिवलीला, वहिनी (दादाची बायको) मुंबईची, रोज तिच्या वडिलांचा व्हिडिओ कॉल. आणि मामांनी काय केलं, तर स्वतःची पनौती हत्यार म्हणून वापरली. मुंबईची बॅटिंग आली की टीव्हीसमोर मांडी घालून, चष्मा पुसून, डोळे फाडून बसायचे. आपली बॅटिंग आली की उठून बागेत पाणी घालायला. सरफराजनं १३४ मारले, वहिनी म्हणाली बाबा तुमचं चालत नाहीये, तर म्हणाले मध्ये फोन आला होता म्हणून उठलो. आपले ५३६ झाले तेव्हा बागेतला मोगरा पाणी जास्त होऊन पिवळा पडलेला. सहा विकेट्सनं जिंकलो, चंद्रकांत पंडित तेवीस वर्षांपूर्वी त्याच मैदानावर मध्य प्रदेशचे कॅप्टन म्हणून फायनल हरलेले, आता कोच म्हणून जिंकले, रडले बिचारे. मामाही रडले. व्याह्यांना फोन करून माफी मागितली, मनापासून, म्हणाले मी जरा जास्तच बघितलं.

आता चूक माझी. मार्च २०२३, भारत-ऑस्ट्रेलिया टेस्ट. मॅच खरं तर धरमशालाला होती, तिथलं आउटफिल्ड तयार नव्हतं म्हणून ऐनवेळी इंदूरला आली. मामा आता रिटायर, वय साठीच्या पुढे, मला वाटलं एकदा तरी माणसानं आत बसून बघावं. मी तिकिटं काढली आणि त्यांच्या मागेच लागले. होळकर स्टेडियमचा रेकॉर्ड काढून दाखवला, तिथे भारत एकही वनडे हरला नव्हता, आधीच्या दोन्ही टेस्टही जिंकलेल्या. मामा म्हणाले, "अगं, तेच तर. मी एकालाही आत नव्हतो." पण टेस्ट पाच दिवसांची, पाच दिवसांत पायगुण पातळ होतो असं काहीतरी मीच बोलून गेले, आणि ते फसले.

१ मार्च, सकाळी साडेनऊ. आत बसले, पंचवीस वर्षांनी. टोपी, पाण्याची बाटली गेटवर काढून घेतलेली, खुश होते हो, लहान मुलासारखे. लंचपर्यंत आपले सात आउट. मामा काही बोलले नाहीत, उठले, पँट झटकली आणि जिना उतरून बाहेर गेले. मी मागे धावले तर म्हणाले, "तू बस. बघतो बाहेरून काही होतंय का." नाही झालं. १०९ ऑल आउट, तिसऱ्या दिवशी सकाळीच ऑस्ट्रेलिया नऊ विकेट्सनं जिंकली, आणि त्यानंतर आयसीसीनं पिचला 'खराब' शेरा दिला. परत पिच! दोनदा आत गेले, दोन्हीदा पिच. बोर्डानं अपील केलं आणि तो शेरा जरा सौम्य करून घेतला, ती बातमी मी मामांना उत्साहानं वाचून दाखवली, तर पेपर घडी करत म्हणाले, "बोर्डाचा झाला असेल. माझा तसाच आहे."

त्याच सप्टेंबरला परत ऑस्ट्रेलिया, वनडे. मामा टपरीवर, स्टूल ठरलेलं, पाऊस आला तर वरून प्लास्टिक धरलेलं. गिल आणि श्रेयसची शतकं, ३९९ रन, जिंकलो. आता टपरीवाल्यालाही सगळं माहीत झालंय. मॅचच्या दिवशी मामा दिसले की चहा ओतायच्या आधी तोच विचारतो, "भिया, अंदर तो नी जा रिये ना?"