पैशाविना देवघेव न्याय्य केव्हा होते?

नमस्कार. आपल्या वाडीतील चाळीस घरांनी मिळून पैशाविना देवघेवीचा गट सुरू करावा, म्हणजे बलुतेदारीच्या काळी होती तशी न्याय्य आणि टिकाऊ व्यवस्था पुन्हा उभी राहील, असे आपण लिहिले आहे आणि सुरुवात कशी करावी हे विचारले आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या गावात अशा गटाची वही मी सहा वर्षे लिहिली. त्या अनुभवावरून सांगतो की गट अवश्य सुरू करा, मात्र बलुतेदारीचा दाखला तेवढा बाजूला ठेवा.

बलुत्यात रोकड हातोहात फिरत नव्हती, हे खरे आहे. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट वर्षभर गावाची कामे करीत आणि सुगीच्या वेळी खळ्यावर धान्याचा ठरलेला वाटा घेत. परंतु तो वाटा किती असावा हे प्रामुख्याने जमीन असणारे ठरवीत, काम कोणी करायचे हे जन्माने ठरलेले असे, आणि 'मला हे काम नको' असे म्हणण्याची सोय बलुतेदाराला नसे. महार वतनदारांकडून गावकीची आणि सरकारची कामे दिवसरात्र करून घेतली जात; त्यांनी मान वर केली की बलुते अडवून धरणे हे गावाच्या हातातले हुकमी हत्यार होते. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात सुधारणा करणारे विधेयक मांडले ते याच जाचामुळे, आणि ही कनिष्ठ ग्रामवतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. ज्यांच्या आजोबांनी खळ्यावर पदर पसरून वाटा घेतला, त्यांच्या घरी जाऊन आपण 'पूर्वीसारखे करू या' असे म्हणालात, तर ते गटात येणार नाहीत, आणि त्यांचे चुकले असेही म्हणता येणार नाही.

आपल्याला जवळचा पूर्वज हवाच असेल तर तो सावड हा आहे. लावणीच्या दिवसांत चार घरची माणसे आज माझ्या खाचरात उतरतात, उद्या आम्ही त्यांच्या खाचरात उतरतो. दिवसाला दिवस फिटतो, बैलजोडीच्या दिवसाला माणसांचे किती दिवस द्यायचे हे आधीच बोललेले असते, आणि हंगाम संपेपर्यंत सगळ्यांची फेड झालेली असते. भीमाशंकरच्या परिसरातील महादेव कोळी गावांमध्ये डोंगरउतारावर भातखाचरे घडवण्यासाठी चालणारी पडकई हीही याच कुळातली. सावडीत मोजमाप सर्वांना कळते, फेड लांबत नाही आणि दोन्ही बाजू तोलामोलाच्या असतात. मात्र तिच्यातील उणीवही तिथेच आहे: ज्याला खाचरच नाही त्याला परत घेण्यासारखे काही नसल्यामुळे तो सावडीत बसत नाही, तो मजुरीवरच राहतो. आपल्या चाळीस घरांत भूमिहीन घरे असतील तर त्यांना गटातून नेमके काय मिळेल, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत घ्या.

आता देवघेवीच्या रीतीविषयी. पुष्कळांच्या डोळ्यांसमोर समोरासमोरची अदलाबदल असते: तू कोकम दे, मी कुळीथ देतो. ही रीत छोट्या गावात फार दूर जात नाही, कारण फणस आणि आंबा वैशाखात हाती येतो, भात दिवाळीच्या सुमारास येतो, आणि ज्याला आमसुले हवी असतात त्याच्याजवळ मला हवे ते बहुधा नसते. शिवाय अशा अदलाबदलीत ज्याची गरज कमी, त्याचे पारडे जड. दारावर आलेल्या बोहारणीशी चार जुन्या साड्यांवरून झालेली घासाघीस आठवा; पातेले केवढे मिळणार हे साड्यांपेक्षा कोण अधिक वेळ दारात बसू शकतो यावर ठरायचे. मानववंशशास्त्रज्ञ कॅरोलाइन हम्फ्री यांनी १९८५ साली दाखवून दिले, की निव्वळ अदलाबदलीवर चालणारी अर्थव्यवस्था कुठेही नोंदलेली आढळत नाही. ओळखीपाळखीची माणसे आज देतात, पुढे केव्हातरी घेतात, आणि मध्ये कोणीतरी लक्षात ठेवते. गट म्हणजे हे लक्षात ठेवण्याचे काम वहीवर सोपवणे. कॅनडातील कोमॉक्स खोऱ्यात मायकेल लिंटन यांनी १९८३ साली सुरू केलेली व्यवस्था याच तत्त्वावर होती: देणाऱ्याच्या खात्यावर जमा, घेणाऱ्याच्या खात्यावर तितकीच नावे, म्हणजे देणे, आणि सर्व खात्यांची बेरीज नेहमी शून्य.

आमची वहीही तशीच होती, आणि पहिल्या वर्षी आम्ही मोल रुपयांत लावले. परिणाम असा झाला की गवंड्याचा दिवस आणि पापड लाटणाऱ्या बाईचा दिवस यांच्यातील बाजारातली तफावत जशीच्या तशी वहीत उतरली. मग पैसे वगळून आम्ही मिळवले काय, असे एका बाईने भर बैठकीत विचारले तेव्हा कोणाला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या वर्षापासून कामाचे माप तास हे ठरले, तासाला तास, मग काम कोणाचेही असो. वस्तूंसाठी मात्र तासाचे माप चालत नाही. तांदूळ, नारळ, अंडी यांचे भाव दर तीन महिन्यांनी सर्वांसमोर बसून तासांतच ठरवावे लागले आणि त्या बैठका कंटाळवाण्या असत, हे आधीच सांगून ठेवतो. गवंड्याला आम्ही टिकवू शकलो नाही. बाहेर रोख मजुरी चांगली मिळत असताना त्याने तासाला तास का घ्यावा, याचे पटण्यासारखे उत्तर आमच्याजवळ नव्हते.

सर्वांत मोठी चूक जमेच्या बाजूला झाली, जिकडे आमचे लक्षच नव्हते. घेऊन पसार होणाऱ्याची भीती सर्वांना असते, म्हणून नावे बाकीला आम्ही वीस तासांची मर्यादा घातली होती. पण शिवणकाम करणाऱ्या एका सदस्येकडे साऱ्या गावाचे काम जात राहिले आणि तिच्या खात्यावर शंभराहून अधिक तास साचले. तिला गरज होती ती किराण्याची, औषधांची आणि मुलीच्या शाळेच्या खर्चाची. वहीत मिळण्यासारखे होते ते गवत कापणी आणि नारळ. जमा बाकी दिसायला श्रीमंती, प्रत्यक्षात ते तिने सगळ्यांना दिलेले बिनव्याजी कर्ज होते. ती रागावली नाही, पण शिवायचे कपडे घेणे तिने बंद केले. म्हणून मर्यादा दोन्ही बाजूंना हवी: अमुक तास जमा झाले की पुढचे काम रोखीनेच होईल, असा नियम आम्ही नंतर केला, आणि सदस्य घेण्यापूर्वी तो काय देईल याइतकेच तो काय घेईल हेही लिहून घेऊ लागलो.

चलनाच्या चिठ्ठ्या छापण्याचा मोह होईल, कारण वही लिहिणे किचकट असते. तो टाळा. अर्जेंटिनात ब्वेनोस आयरेसजवळच्या बेर्नाल येथे १९९५ साली वीसेक माणसांनी असाच एक क्लब सुरू केला. २००१-०२ च्या आर्थिक संकटात देशभर लक्षावधी माणसे अशा क्लबांत आली. त्यांच्या चिठ्ठ्या बेसुमार छापल्या गेल्या, बनावटही निघाल्या, बाजारात माल कमी आणि चिठ्ठ्या अधिक झाल्या आणि बहुतेक जाळे २००२ सालीच कोसळले. वहीत खोटी नोंद करणे अशक्य नाही, पण समोरच्या माणसाची सही लागते.

कोणती कामे वहीत घेऊ नयेत, हेही ठरवून टाका. एकदा आम्ही आजाऱ्याजवळ रुग्णालयात बसल्याचे तास लिहिले. आजारी माणूस बरा झाल्यावर ते घर गटातून बाहेर पडले, कारण शेजारधर्माचे बिल आल्यासारखे त्यांना वाटले. आजारपण, बाळंतपण, मयत, आग ही इर्जिकेची, म्हणजे परतफेडीचा हिशेब न ठेवता सगळ्यांनी मिळून धावून जाण्याची, ठिकाणे आहेत. तिथे ज्याचे काम त्याने जमेल तसे जेवण घालावे, तेही न जमले तर चहा, आणि नोंद करू नये.

आता टिकाऊपणाविषयी. पदार्थांच्या देवघेवीतून पर्यावरणाचे फार भले होते असे मला दिसले नाही. झाडाखाली कुजणारे फणस थोडे कमी झाले, इतकेच. खरा लाभ अवजारांत होता. ग्रास कटर, फवारणीचा पंप, लांब शिडी, लग्नाची भांडी या वस्तू एका घरात वर्षातून मोजके दिवस वापरल्या जातात, तरी घरोघर विकत घेतल्या जातात. सामायिक ठेवल्यावर दुरुस्ती कोणी करायची हा वाद होतोच, म्हणून प्रत्येक वापरामागे अर्धा तास दुरुस्तीच्या खात्यावर जमा करण्याची पद्धत आम्ही ठेवली. बियाण्यांना मात्र वेगळा नियम लागतो. अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे यांच्या कामामुळे गावठी वाणांच्या बियाणे बँका सर्वांना माहीत झाल्या आहेत. तिथल्याप्रमाणे घेतले त्याहून अधिक परत, बहुधा दुप्पट, आणि तेही बियाण्यातच. बियाणे तासांत मोजले की लोक बाजारचे संकरित आणून फेडतात.

कराविषयी आपण विचारले नाही, तरी लिहितो. २०१७ च्या वस्तू व सेवा कर कायद्यात पुरवठ्याच्या व्याख्येत अदलाबदलही येते, पण ती व्यवसायाच्या ओघात झालेली असावी लागते. शेजाऱ्यांच्या आपसांतील मदतीला त्याची झळ नाही. गटात एखादा नोंदणीकृत दुकानदार असेल तर त्याने मात्र आपल्या कर सल्लागाराला विचारून घ्यावे.

चाळीस घरे एकदम घेऊ नका. बारा-पंधरा घरांनी, दिवाळीनंतर झोडणी आटोपून माणसे मोकळी झाली की सुरू करा, आणि वही एकाच्या घरी न ठेवता दर महिन्याला वेगळ्या घरी फिरवा. आमच्या वहीचे रकाने कसे आखले होते ते हवे असल्यास सांगा, पुढच्या उत्तरात मांडतो.