समूह विमा, दातांचं कार्ड आणि तुमचे प्रश्न

पतसंस्था, माजी विद्यार्थी मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ, व्यापारी संघटना. पत्रं वेगवेगळ्या लोकांची, मजकूर मात्र एकच : ‘सभासदांसाठी खास आरोग्य विमा आलाय, हप्ता निम्मा आहे, फॉर्म परवापर्यंत द्यायचाय, घेऊ का?’ ज्या फॉर्मला परवाची मुदत असते, तो मी आधी बाजूला ठेवते. एकोणीस वर्षं मी टीपीएमध्ये, म्हणजे विमा कंपन्यांच्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेत काढली. तिथे भेटलेल्या बहुतेक दुःखी माणसांनी सही आधी केली होती आणि कागद नंतर मागितला होता. या वेळी निवडक प्रश्न घेते, कारण बाकीच्यांची उत्तरं यातच आहेत.

प्रश्न : माझ्या आरोग्य विम्यात रूट कॅनल आणि कॅपचा खर्च मिळेल का? (गृहिणी, नाशिक)

बहुधा नाही. अपघातात दुखापत होऊन रुग्णालयात दाखल व्हावं लागलं, तरच आपल्याकडचे बहुतेक विमे दातांचा खर्च देतात; काही पॉलिसींत आजारामुळे दाखल झालात तरी मिळतो. खुर्चीवर बसून तासाभरात घरी येण्याचं काम ओपीडीत मोडतं आणि ते कलम वेगळं घ्यावं लागतं. पॉलिसीतल्या ‘वगळलेल्या बाबी’ वाचा आणि तरी शंका राहिली तर कंपनीला ईमेल करा. फोनवरचं ‘हो मॅडम, सगळं कव्हर आहे’ जमेस धरू नका.

प्रश्न : आमचे डेंटिस्ट म्हणतात, ‘पायरीवरून पडलात असं लिहून देतो, क्लेम होईल.’ करावं का? (सोलापूर)

नाही. तो खोटा दावा आहे, आणि त्यापायी आख्खी पॉलिसी रद्द होऊ शकते. किडलेला दात आणि आपटून तुटलेला दात एक्स-रेमध्ये वेगळे दिसतात, हे त्या डॉक्टरांना चांगलं ठाऊक आहे. उपचारांसाठीही दुसऱ्या डेंटिस्टचं मत घ्या.

प्रश्न : आमच्या संघाने सभासदांसाठी ‘डेंटल प्लॅन’ आणलाय. वर्षाला १,८०० रुपये, तपासणी मोफत, एकदा दात साफ करून मिळतील, बाकी कामांवर ३० टक्के सूट. हा विमा चांगला आहे का? (ठाणे)

हा विमाच नाही. हे सवलतीचं कार्ड आहे. खात्री करायची तर दोनच गोष्टी विचारा : विमा कंपनी कोणती, आणि या योजनेचा यूआयएन क्रमांक काय? विमा नियामकाच्या, म्हणजे आयआरडीएआयच्या यादीतल्या प्रत्येक विमा योजनेला असा क्रमांक असतो. विक्रेता विषय बदलू लागला की उत्तर मिळालंच.

कार्ड घेणं गुन्हा नाही. पण ३० टक्के सूट कशावर? कार्ड न दाखवता त्याच दवाखान्यात कॅपचा दर विचारा, मग शेजारच्या गल्लीतल्या डेंटिस्टकडे विचारा. सूट वजा करून आलेला दर आणि शेजारचा साधा दर सारखाच निघाल्याची उदाहरणं मला वाचकांनीच पाठवली आहेत. आणि ‘मोफत तपासणी’त हमखास चार दात किडलेले निघतात, याचं मला आता आश्चर्य वाटत नाही.

दातांचा खरा विमा आपल्याकडे फारसा का दिसत नाही, याचंही कारण आहे. घराला आग लागेलच असं नाही, म्हणून आगीचा विमा परवडतो. साठीपर्यंत दातांवर खर्च करावा लागणार हे जवळपास ठरलेलंच असतं. जे होणारच, त्याचा विमा देताना कंपनी तेवढेच पैसे हप्त्यातून काढून घेते किंवा भरपाईवर छोटी मर्यादा घालते. त्यापेक्षा दातांसाठी आरडी काढा. मोठं काम निघालं तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत जाऊन या. वेळ जातो, पैसे वाचतात. उपचार कोणता हवा हे मात्र डेंटिस्टलाच ठरवू द्या, कार्ड विकणाऱ्याला नव्हे.

प्रश्न : वैयक्तिक विम्यावरचा जीएसटी गेला ना? मग पतसंस्थेच्या समूह विम्यावर का लावला? (कोल्हापूर)

२२ सप्टेंबर २०२५ पासूनची माफी वैयक्तिक आणि कौटुंबिक पॉलिसींना आहे. समूह पॉलिसीवर १८ टक्के अजूनही आहे.

प्रश्न : वय ५७, मधुमेह आहे. अकरा वर्षांपासून पती-पत्नींची ५ लाखांची पॉलिसी आहे, हप्ता ४१ हजारांवर गेला. कॉलेजच्या माजी विद्यार्थी मंडळातून तेवढ्याच रकमेचा समूह विमा १६ हजारांत मिळतोय. जुने आजार पहिल्या दिवसापासून, शिवाय दातांची तपासणी मोफत. नूतनीकरण १२ दिवसांवर आहे. जुनी पॉलिसी सोडू का? (अभियंता, पुणे)

सोडू नका. आणि बारा दिवस उरल्यावर विचारता? पॉलिसी दुसऱ्या कंपनीत पोर्ट करायची असती तर ४५ दिवस आधी हालचाल करायला हवी होती. ते आता पुढच्या वर्षी. आधी हप्ता भरा, मग पुढचं वाचा.

समूह विम्यात पॉलिसीचा मालक कोण? तुम्ही नाही. मास्टर पॉलिसी मंडळाच्या नावावर असते. तुम्ही त्यातले एक सभासद, तुमच्या हातात येतं ते फक्त प्रमाणपत्र, आणि तेही मागितल्याशिवाय येतंच असं नाही. कंपनी कोणती, अटी कोणत्या, पुढच्या वर्षी योजना चालू ठेवायची की नाही, हे सगळं मंडळ आणि कंपनी ठरवणार. मंडळाची कार्यकारिणी बदलली, नव्या सचिवांना कटकट नको झाली, किंवा कंपनीने दर दुप्पट केला, की एक व्हॉट्सॲप संदेश येतो : ‘यंदापासून योजना बंद, सहकार्याबद्दल आभार.’ तेव्हा तुम्ही ६१ वर्षांचे असाल, मधुमेहासोबत कदाचित आणखी काही असेल, आणि बाजारात नवे ग्राहक म्हणून उभे असाल.

१६ हजार रुपये स्वस्त का आहेत, हाही प्रश्न विचारायला हवा. पहिल्या वर्षी समूहात तरुण, धडधाकट सभासद भरपूर असतात. पुढच्या वर्षांत त्यातल्या ज्यांनी दावाच केला नाही ते ‘कशाला उगाच’ म्हणून गळतात, आणि ज्यांना गरज आहे ते राहतात. समूहाचे दावे हप्त्यांच्या वर गेले की कंपनी दर चढवते, की आणखी निरोगी लोक गळतात. हे चक्र मी कितीतरी समूहांत पाहिलं. निवृत्त बँक कर्मचाऱ्यांच्या समूह पॉलिसीची गोष्ट तुमच्या ओळखीतल्या एखाद्या निवृत्त बँकवाल्याला विचारा. दर नोव्हेंबरला नूतनीकरणाची वेळ आली की त्यांच्या गटांत काय चर्चा चालते ते ते सांगतील. तो समूह तर मोठा, संघटित आणि बँकांचं पाठबळ असलेला. तुमच्या माजी विद्यार्थी मंडळाचं काय?

तिसरी गोष्ट, ‘तेवढीच रक्कम’. ५ लाख इथेही आणि तिथेही, पण आतलं सामान वेगळं असू शकतं. खोलीभाड्यावर मर्यादा आहे का? मर्यादा ५,००० आणि तुम्ही १०,००० ची खोली घेतलीत, तर फक्त खोलीचे नाही, डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृह अशा बाकीच्या शुल्कांचेही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मे पैसे कापले जाऊ शकतात. मोतीबिंदूला एका डोळ्यामागे किती? प्रत्येक बिलातले १० किंवा २० टक्के तुम्ही भरायचे, असं को-पे आहे का? जाहिरातीच्या पानावर हे नसतं. मंडळाकडे मास्टर पॉलिसीची पूर्ण प्रत मागा. ‘ती ऑफिसला आहे’ असं उत्तर आलं तर ऑफिसला जा.

आणि चौथी, जी लोकांना सगळ्यात उशिरा कळते. अकरा वर्षांत तुम्ही प्रतीक्षा कालावधी, म्हणजे ठरावीक आजारांचा खर्च मिळण्याआधी थांबायची मुदत, पार केलेत. साठ महिन्यांनंतर कंपनीला ‘माहिती लपवली’ म्हणून वाद घालता येत नाही, तेही संरक्षण मिळवलंत. ही कमाई तुमच्या पॉलिसीशी बांधलेली आहे. पॉलिसी बंद पडू दिलीत की ती गेली. समूहातून बाहेर पडताना त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय नियमांत आहे, समूहात काढलेल्या वर्षांचा हिशेबही धरतात. पण तेव्हा कंपनी तुमची प्रकृती तपासून निर्णय घेऊ शकते. म्हणजे दार आहे, कडी त्यांच्या बाजूला.

मोफत दंत तपासणीसाठी अकरा वर्षं सोडायची? दंत तपासणीला काय पडतं हो?

४१ हजार जड वाटत असतील तर वाटा आहेत : रक्कम तीच ठेवून वजावट (विमा लागू होण्याआधी आपल्या खिशातून भरायची रक्कम) वाढवणं, त्याच कंपनीची दुसरी योजना पाहणं, किंवा वेळेत पोर्ट करणं. समूह विमा वरचा थर म्हणून घ्यायला माझी हरकत नाही. यातलं काय तुम्हाला जमेल, हे मधुमेहाचे रिपोर्ट समोर ठेवून परवानाधारक सल्लागारासोबत बसूनच ठरवा, पण पुढच्या वर्षीच्या मुदतीच्या दोन महिने आधी.

प्रश्न : कंपनीचा ५ लाखांचा विमा आहे. कर्मचारी संघटनेमार्फत १५ लाखांचं टॉप-अप मिळतंय. टॉप-अप आणि सुपर टॉप-अपमध्ये खरंच फरक असतो, की नावाचाच? (हिंजवडी)

खराच असतो. दोन्ही मूळ विम्याच्या वर चढवलेले विमे; खर्च वजावटीच्या पुढे गेला की तिथून पुढचं देतात. समजा आईला जूनमध्ये ४ लाखांचं बिल आलं आणि डिसेंबरमध्ये पुन्हा ४ लाखांचं. मूळ विमा ५ देईल, ३ उरतील. ५ लाखांच्या वजावटीचं साधं टॉप-अप प्रत्येक बिल वेगळं मोजतं. दोन्ही बिलं पाचच्या आत, म्हणून शून्य. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज धरतं, म्हणून ते उरलेले ३ लाख देतं. हप्त्यातला फरक थोडाच असतो, तरी साधं टॉप-अप ‘स्वस्त’ म्हणून गळ्यात मारतात.

नोकरी गेली तर खालचे ५ लाखही जातात आणि वजावट तुमच्या खिशातून भरावी लागते, हे लक्षात ठेवा. म्हणून सुपर टॉप-अप शक्यतो स्वतःच्या नावावर घ्या. वजावट किती ठेवायची, ते आई-वडिलांची वयं सांगून सल्लागाराला विचारा.

प्रश्न : पाच वर्षं झाली की कंपनीला कुठलाच दावा नाकारता येत नाही, असा मेसेज फिरतोय. (लातूर)

फिरू द्या. साठ महिन्यांनंतर माहिती दडवल्याच्या कारणाने नाकारता येत नाही, आणि त्यातही सिद्ध झालेली फसवणूक वेगळी. पॉलिसीत मुळातच वगळलेले उपचार, खोलीभाड्याची मर्यादा, को-पे हे पाचव्या काय, पंचविसाव्या वर्षीही लागू राहतात. म्हणून फॉर्मवरची ‘प्रकृती उत्तम’ ही ओळ एजंटाला भरू देऊ नका. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर लिहा, आणि काय लिहायचं ते तुमच्या डॉक्टरांना विचारून लिहा.

प्रश्न : वडील ७१ वर्षांचे. ज्येष्ठ नागरिक संघाचा समूह विमा २ लाखांचा, को-पे २० टक्के. घ्यावा का? (रत्नागिरी)

आधी आयुष्मान वय वंदना कार्ड काढलंय का? सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे. घरात दोघे असतील तर ते दोघांत मिळून. आधार लागतं, हप्ता लागत नाही. खासगी विमा असला तरी चालतं. केंद्र सरकारची सीजीएचएस किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस असेल, तर मात्र दोन्हींपैकी एक निवडावं लागतं. त्याशिवाय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहेच. जवळचं कोणतं रुग्णालय यादीत आहे आणि वडिलांचा आजार तिथे होतो का, हे जाऊन आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाला विचारा. घरी बसून कळत नाही. ते केल्यावर संघाच्या योजनेची गरज उरते का, ते पाहू.

प्रश्न : पत्नीचा दावा समूह पॉलिसीत नाकारला. संघाचे सचिव म्हणतात, ‘वार्षिक सभेत विषय घेऊ.’ सात महिने झाले. (अहिल्यानगर)

सचिवांची सभा होऊ द्या, तुम्ही थांबू नका. नकार देताना पॉलिसीतली नेमकी कोणती अट, हे लेखी सांगणं कंपनीला बंधनकारक आहे. ते पत्र नसेल तर आजच मागा. मग कंपनीच्या तक्रार निवारण विभागाला ईमेल करा, शिवाय आयआरडीएआयच्या बिमा भरोसा पोर्टलवर नोंद करा. १५५२५५ वर फोनही करता येतो. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे विमा ग्राहकांच्या तक्रारींचा निवाडा करणारे अधिकारी. त्यांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत, तुमचा जिल्हा कोणाकडे येतो ते आधी पाहून घ्या. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची भरपाई ते देऊ शकतात. कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत जावं लागतं. तुमचे सात महिने नेमके कोणत्या तारखेपासून मोजायचे, हे ठरवण्यासाठी सगळी पत्रं घेऊन ग्राहक पंचायतीच्या किंवा जाणकार वकिलाच्या समोर बसा, याच आठवड्यात. डिस्चार्ज कार्ड, मूळ बिलं आणि प्रमाणपत्राची प्रत सोबत न्या. प्रमाणपत्र मिळालंच नव्हतं, असं तुम्ही पत्रात लिहिलंय. तेही त्यांना सांगा.