फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो तेव्हा

प्रश्न : माझ्या जुन्या पेट्रोल गाडीत मोबाइल चार्ज करायच्या सॉकेटचा १५ ॲम्पिअरचा फ्यूज आठवड्यात तीनदा उडाला. एका व्हिडिओत २५ चा टाका, कटकट मिटेल, असं सांगितलंय. मला गाडीची लहानसहान कामं स्वतः शिकायची आहेत, पण वडील म्हणतात, व्हिडिओ बघून वायरिंगला हात लावू नकोस. काय करू?

उत्तर : २५ चा फ्यूज टाकू नका. आधी एवढं, बाकीचं मग.

फ्यूज बसवलेला असतो तो वायरीला वाचवायला. त्या वायरीला किती करंट झेपेल, हे बघूनच १५ चा, निळा फ्यूज ठरवलेला असतो. करंट दुप्पट झाला की वायरीतली उष्णता चौपट होते. तिथे तुम्ही पांढरा २५ चा खोचलात की फ्यूज तग धरेल आणि तापेल ती वायर, तीही कार्पेटच्या खाली, नजरेआड.

मी तीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करतोय. एकदा एक गाडी आली. मालकाचं म्हणणं, पाय ठेवतो तिथे गरम लागतं. फ्यूज बॉक्स उघडला तर एका फ्यूजच्या दोन्ही पायांना चॉकलेटची चांदी गुंडाळलेली, म्हणजे फ्यूज उडाला तरी करंट चालूच. मॅट उचलली. लाल वायरीचं प्लास्टिक तपकिरी होऊन कार्पेटला चिकटलं होतं, नखाने उचकटलं तर आतलं तांबं उघडं. तो करपलेला वास माझ्या अजून लक्षात आहे. म्हणून या बाबतीत मी कुणाचीही भीड धरत नाही.

आता तुमच्या गाडीकडे येऊ. फ्यूज चार्जर लावल्यावर उडतो की सॉकेट रिकामं असतानाही, हे आधी बघा. चार्जर लावल्यावरच उडत असेल तर दुसरा चार्जर लावून बघा. रिकामं असतानाही उडत असेल तर चावी बंद करून, फ्यूज काढून सॉकेटमध्ये टॉर्च मारा. आत नाणं किंवा चार्जरच्या टोकाची तुटलेली पिन पडलेली मी कितीदा तरी काढली आहे.

सॉकेट स्वच्छ निघालं तर इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब घ्या. त्याला दोन वायरी जोडा आणि फ्यूजच्या जागी तो लावून चावी फिरवा. त्याच फ्यूजवर रेडिओ वगैरे असेल तर तो बंद ठेवा. शॉर्ट असेल, म्हणजे उघडी वायर कुठेतरी पत्र्याला टेकत असेल, तर बल्ब भक्क पेटेल, पण तो पावणेदोन ॲम्पिअरच्या वर करंट जाऊच देत नाही, त्यामुळे वायर सुरक्षित राहते. मग सॉकेटच्या मागून सुरुवात करून हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हळूहळू हलवत जा. ज्या जागी हात लावल्यावर बल्ब विझेल किंवा लुकलुकेल, तिथेच घासलेली वायर सापडेल. पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथलं रबर निघालेलं असतं, ते आधी तपासा. बल्ब चांगलाच तापतो, सीटला टेकवू नका.

वायर दुरुस्त करायच्या आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा, आणि जोडताना तो शेवटी जोडा. कारण साधं आहे. निगेटिव्ह गाडीच्या पत्र्याला जोडलेला असतो. तो लागलेला असताना पॉझिटिव्हवरचा पाना पत्र्याला टेकला, की बॅटरीतून शेकडो ॲम्पिअर त्या पान्यातून जातात. पाना जागच्या जागी चिकटतो. बोटात अंगठी असेल तर तीही अशीच तापते, म्हणून अंगठी आधी काढून ठेवा.

वडिलांची काळजी खरी आहे, पण व्हिडिओवरून अवश्य शिका. मी स्वतः नव्या गाड्यांचे फ्यूज बॉक्स कुठे असतात ते तसंच शिकलो. फक्त माणूस निवडून घ्या. जो एखादा पार्ट बदलण्याआधी मीटर लावून रीडिंग दाखवतो आणि ते रीडिंग का आलं ते सांगतो, त्याचं ऐका. जो थेट ‘हे काढा, ते टाका’ म्हणतो, त्याला सोडून द्या. मल्टिमीटर घेतलात तर करंट मोजून झाल्यावर लाल वायर व्होल्टेजच्या भोकात परत घालायची सवय लावा. ती १० ॲम्पिअरच्या भोकात राहिली आणि तुम्ही बॅटरीचं व्होल्टेज मोजायला गेलात, तर मीटरच शॉर्ट होऊन बसतो.

दोन ठिकाणी मात्र व्हिडिओच्या भरवशावर हात घालू नका. डॅशबोर्डखालचे पिवळे कनेक्टर सहसा एअरबॅगचे असतात, आणि हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी केबलमध्ये जीव घेईल इतकं व्होल्टेज असतं.

बल्ब कुठे विझला, ते मला जरूर कळवा.