दूलोस : दास, चाकर की गुलाम?

प्रश्न असा आला आहे : बायबलाच्या नव्या करारातील पत्रांमध्ये गुलामगिरीविषयी जे लिहिले आहे त्यावर आज नीतीच्या अंगाने जी टीका होते, तिच्यावर मराठीत लेख लिहिताना ग्रीक ‘दूलोस’ या शब्दासाठी बायबलातला ‘दास’ ठेवावा, ‘चाकर’ म्हणावे की सरळ ‘गुलाम’ म्हणावे?

‘चाकर’ आधी बाजूला ठेवू. चाकराला पगार असतो आणि नाही पटले तर चाकरी सोडून जाता येते. रोमन साम्राज्यातला दूलोस बाजारात विकला जाई, त्याच्या लग्नाला कायद्यात स्थान नव्हते आणि न्यायालयात त्याची साक्ष छळ करून घेतली जाई.

‘दास’ मात्र चुकीचा नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात दासांचे सात प्रकार दिले आहेत. त्यांत युद्धात धरून आणलेला आहे, घरात जन्मलेला आहे आणि विकत घेतलेलाही आहे. म्हणजे संस्कृतात हा शब्द चांगला कठोर होता. मराठीत तो संतांच्या हाती पडला आणि इतका मऊ झाला, की रामदास हे नाव घेताना कोणाच्याही डोळ्यांपुढे बाजारात उभा केलेला माणूस येत नाही. ‘नामयाची दासी’ म्हणणाऱ्या जनाबाईच्या तोंडी घरकाम आणि भक्ती असे दोन्ही अर्थ अजून एकत्र नांदतात. पण ऐकणारा बहुधा दुसराच ऐकतो.

त्यामुळे रोमकरांस पत्राच्या आरंभी पौल (यांतली बरीच पत्रे ज्याच्या नावावर आहेत तो आद्य ख्रिस्ती प्रचारक) स्वतःला ख्रिस्ताचा ‘दास’ म्हणवतो, तेव्हा मराठी वाचकाला ते अगदी ओळखीचे वाटते. पण इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात दासांनी आपल्या धन्यांची आज्ञा भीत व कापत पाळावी असे सांगितले आहे, तिथेही शब्द तोच असल्याने भक्तीचा गंध या आज्ञेलाही चिकटतो. धन्याच्या बाबतीत नेमके उलटे घडले आहे. ग्रीकमध्ये मालक आणि ख्रिस्त या दोघांनाही ‘क्युरिओस’ म्हणतात. मराठीने ख्रिस्तासाठी बहुतेक ठिकाणी ‘प्रभू’ आणि मालकासाठी ‘धनी’ अशी वाटणी केली. आधुनिक टीकाकारांचा एक मुख्य आक्षेप असा, की देवाची आज्ञा आणि मालकाची आज्ञा एकाच भाषेत बोलल्यामुळे मालकाच्या सत्तेला धर्माचे पाठबळ मिळाले. हा आक्षेप मराठी पाठावरून नीट दिसतच नाही.

पौलाने फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रातील ओनेसिम, म्हणजे फिलेमोनाचा गुलाम, पाहा. या नावाचा अर्थच ‘उपयोगी’ असा आहे, आणि अशी नावे गुलामांना सर्रास देत. पूर्वी तो तुला निरुपयोगी होता, आता तुला आणि मलाही उपयोगी झाला आहे, असा श्लेष पौल अकराव्या ओवीत करतो (‘ओवी’ हा बायबलाच्या मराठीतला शब्द, जात्यावरची नव्हे). पुढे सोळाव्या ओवीत तो ओनेसिमाला दासापेक्षा अधिक, प्रिय बंधू म्हणून स्वीकारायला सांगतो. त्याला मोकळे कर असे मात्र स्पष्ट शब्दांत कुठेही म्हणत नाही. ‘दास नव्हे, बंधू’ हे मराठीत गोड वाटते. ‘गुलाम नव्हे, बंधू’ असे वाचले की पौलाने केवढी मोठी उडी मारली तेही कळते आणि तो कुठे थांबला तेही.

या टीकेला ‘त्या काळी सगळेच तसे मानत’ असे उत्तर दिले जाते, त्यावर फार विसंबू नये. चौथ्या शतकात निस्साचा बिशप ग्रेगरी याने बायबलातील उपदेशकाच्या पुस्तकावर प्रवचन करताना, देवाच्या प्रतिरूपाची (म्हणजे माणसाची) किंमत किती नाणी लावलीस, असे गुलाम विकत घेणाऱ्याला विचारले होते.

म्हणून माझे मत असे, की बायबलातले वचन उद्धृत करताना ‘दास’ तसाच राहू द्यावा, पण लेखकाच्या स्वतःच्या वाक्यात ‘गुलाम’च लिहावे, आणि दोन्हीमागे मूळ शब्द एकच आहे हे पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकावे. ‘गुलाम’ मूळचा अरबी, तिथे त्याचा अर्थ मुलगा. पण मराठीत तो संदिग्ध उरलेला नाही. जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हे नाव निवडून पुस्तक अमेरिकेतील गुलाममुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले. त्या जागी ‘दास्य’ घालून पाहिले तर फरक कानालाच कळतो.