आई-बाबा पुण्याहून आलेत. इंग्लंडमधलं जुनं स्पाचं गाव म्हणून वूडहॉल स्पा दाखवावं का? तिथे झऱ्यात आंघोळ करता येते का?

आंघोळीसाठी नेऊ नका. मीही याच समजुतीने सासूबाईंना नेलं होतं. त्यांनी वज्रेश्वरीच्या हिशेबाने पंचा, बदलायचे कपडे आणि खोबरेल तेलाची छोटी बाटली अशी पिशवी भरून घेतली होती. तिथे गेल्यावर कळलं, की ज्या विहिरीचं ते पाणी, ती 1983 मध्येच ढासळली.

तरीही न्या, कारण हे गाव एका चुकीतून वसलंय. जॉन पार्किन्सन नावाच्या गृहस्थाच्या डोक्यात तीन खुळं होती: शहर वसवायचं, जंगल लावायचं, कोळशाची खाण काढायची. 1811 मध्ये त्याने लिंकनशायरच्या या माळावर कोळशासाठी खणायला घेतलं. खूप खोल गेले, पण कोळसा नाही. काम चालू राहावं म्हणून मजूरच खिशातून कोळशाचे तुकडे आत नेऊन टाकायचे, असं गावात सांगतात. पार्किन्सनचं दिवाळं निघालं. पुढे त्या खड्ड्यात चढलेल्या खारट, आयोडीन-ब्रोमीनच्या पाण्याने दुखणी बरी होतात अशी वार्ता पसरली, आणि जमीनमालक थॉमस हॉचकिनने 1830 च्या दशकात स्नानगृह नि हॉटेल बांधलं. मग रेल्वे आली, बडी मंडळी यायला लागली.

आज बघायचं म्हणजे पाइनच्या झाडीतलं सिनेमाचं थिएटर, 'किनेमा इन द वूड्स'. 1922 पासून चालू आहे. मूळचं पॅव्हेलियन, त्यामुळे छताचे आधार मध्ये येतात आणि प्रेक्षकांच्या मागून प्रकाशझोत टाकता येत नाही. म्हणून मशीन पडद्याच्या पाठीमागे आहे आणि चित्र उलटं दिसू नये म्हणून आरसा वापरतात. काही खेळांच्या मध्यंतरात ऑर्गन वाजतो. आम्ही गेलो तेव्हा वाजला, आणि चित्रपटातलं अक्षरही न कळलेल्या सासूबाईंनी त्याला मनापासून टाळ्या दिल्या. तिकीट आधी काढा.

पेटवुड हॉटेलमध्ये चहा घ्या, बाग मोठी आहे. दुसऱ्या महायुद्धात हे ब्रिटिश हवाई दलाच्या 617 स्क्वाड्रनच्या अधिकाऱ्यांचं मेस होतं. जर्मनीतली धरणं फोडणारे वैमानिक ते हेच. मात्र 1943 चा तो हल्ला इथून नव्हे, स्कॅम्प्टनच्या विमानतळावरून झाला. स्क्वाड्रन इथे 1944 मध्ये आलं. चौकातलं स्मारक फुटलेल्या धरणाच्या आकाराचं आहे. बाबांना इतिहासाची आवड असेल तर तिथे अर्धा तास धरून चाला.

डुंबायचंच असेल तर ज्युबिली पार्कमध्ये 1935 चा उघड्यावरचा, पाणी तापवलेला तलाव आहे, पण तो उन्हाळ्यातच चालू असतो. आमचा पंचा शेवटी पावसाने ओल्या झालेल्या बाकावर अंथरायला कामी आला.

गाडी असेल तर सोयीचं. रेल्वे 1954 मध्ये प्रवाशांसाठी बंद झाली. लंडनहून लिंकनपर्यंत ट्रेन आहे, पुढचे तीसेक किलोमीटर टॅक्सीने जा किंवा बसच्या वेळा आधी बघून ठेवा. जुन्या रुळांच्या जागी हॉर्नकॅसलकडे जाणारी पायवाट झालीय. सपाट आहे, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनाही थोडं चालायला जमेल.