उदयपूरच्या बागोर की हवेलीत मोबाईलवर चांगले फोटो कसे काढायचे?

तुम्ही लिहिलंय की आईबाबांना घेऊन उदयपूरला जाताय, हातात फक्त मोबाईल, आणि कुठल्याही वाड्यात-हवेलीत चौकाचा फोटो काढला की आकाश पांढरंफटक येतं नाहीतर ओसरी काळी ठिक्कर. तर यात मोबाईलचा दोष फार नाही, चौकात सगळा उजेड वरून पडतो आणि कमानींच्या आत सावली असते, एका फोटोत दोन्ही मावतच नाही. म्हणून सरळ आकाशच फ्रेममधून काढून टाका.

बागोरला हे सोपं आहे कारण हवेली प्रचंड आहे, शंभराच्या वर खोल्या, आणि चौकही एकच नाही. वरच्या मजल्यावर जा आणि तिथून खाली चौकात बघत काढा, फरशी, खांबांच्या सावल्या आणि मधून चालत जाणारा एखादा माणूस, एवढं पुरे, माणूस येईपर्यंत थोडं थांबा मात्र. आईबाबांचे फोटो भर चौकात उन्हात उभं करून अजिबात काढू नका, डोळे बारीक होतात. त्यांना ओसरीच्या कडेला, सावलीतच, तोंड चौकाकडे करून बसवा. चेहऱ्यावर असा मऊ उजेड येतो की स्टुडिओत पैसे देऊन मिळणार नाही.

सगळं मावावं म्हणून लोक कॅमेऱ्याचा झूम ०.५ वर (वाइड) लावतात तेवढं टाळा, कडेचे खांब तिरके होतात आणि कमानींची मजाच जाते. १ किंवा २ वर ठेवा, ग्रिड (स्क्रीनवरच्या आडव्या-उभ्या रेघा) चालू करा, फोन सरळ धरा. उजेडाच्या जागी बोट दाबून धरलं की एक्स्पोजर (फोटो किती उजळ येणार ते) लॉक होतं, मग बोट थोडं खाली ओढून फोटो जरा गडद करा. वेळ म्हणाल तर सकाळी उघडल्या उघडल्या, दुपारी ऊन डोक्यावर आलं की अर्धा चौक जळतो.

ही हवेली १८व्या शतकात मेवाडचे प्रधान अमरचंद बडवा यांनी बांधली, पुढे बरीच पडझड झाली होती, १९८६ मध्ये पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्राकडे आली (आपला महाराष्ट्र आणि गोवाही याच केंद्रात येतात बरं का) आणि मग दुरुस्त होऊन म्युझियम झालं. आत रंगीत काचांच्या तुकड्यांचे मोर आहेत, ते समोरून काढले तर काचेत तुम्हीच दिसाल, जरा बाजूने काढा, फ्लॅश बंद. पगड्या किंवा बाहुल्या काचेआड असतील तिथे लेन्स काचेला अगदी चिकटवा म्हणजे रिफ्लेक्शन जातं. जगातली सर्वात मोठी म्हणून जी पगडी दाखवतात तिच्याशेजारी कोणी उभं नसेल तर फोटोत ती साधीच वाटते, बाबांना उभं करा.

संध्याकाळी चौकात धरोहर हा नाचाचा कार्यक्रम असतो, डोक्यावर पेटती चरी (जाळ असलेलं पितळी भांडं) घेऊन नाचतात, मडक्यांची उतरंड घेऊनही. उजेड कमी, त्यामुळे नाच चालू असताना फोटो हलतातच, नर्तकी क्षणभर थांबते तेव्हाच दाबा, बाकी व्हिडिओ घ्या. लवकर जाऊन पुढे बसा, मागून फक्त लोकांचे वर केलेले मोबाईल येतात.

आणि हवेली बाहेरून हवी असेल तर हवेलीला लागूनच असलेल्या गणगौर घाटावरून नको, फार जवळ पडते. पायी पूल ओलांडून पलीकडे अंबराई घाटाकडे जा, हवेलीचं तोंड पिछोला तलावाकडे म्हणजे पश्चिमेला आहे, त्यामुळे मावळतीचं ऊन थेट तिच्यावर येतं. कार्यक्रम त्याच सुमारास असतो, सो दोन्ही हवं तर दोन वेगळ्या संध्याकाळी ठेवा.