दोन पियानो एकत्र वाजवले तर आवाज भरदार व्हायच्याऐवजी पोकळ का होतो?

कीबोर्डचा पियानो किरकोळ वाटतो म्हणून तुम्ही लॅपटॉपवरचा सॉफ्टवेअर पियानो जोडीला घेतला आणि आवाज डब्यातून आल्यासारखा झाला, असं तुम्ही लिहिलंय. आधी सॉफ्टवेअर पियानोचा आवाज शून्यावर आणा आणि नुसता कीबोर्ड ऐका. तरीही पोकळ वाटला, तर बहुधा मिडीचा, म्हणजे कोणती पट्टी दाबली हे सांगणाऱ्या संदेशांचा, फेरा झालाय. पट्टी दाबली की कीबोर्ड एकदा स्वतः वाजतो आणि तोच संदेश लॅपटॉपमधून फिरून आला की पुन्हा वाजतो. कीबोर्डच्या मेनूत 'लोकल कंट्रोल' (पट्टी दाबताच कीबोर्डने स्वतः वाजणं) ऑफ करा, नाहीतर सॉफ्टवेअरमधून कीबोर्डकडे जाणारं मिडी बंद करा. दोन्ही एकदम केलंत तर कीबोर्ड मुका होतो. मी हे केलंय आणि अर्धा तास केबली बदलत बसलोय.

नुसता कीबोर्ड ठीक वाजत असेल, तर जोडीच चुकली. दोन्ही पियानोंचा ठोका टोकदार, दोघांची सुरांमधली जागाही एकच. त्यात सॉफ्टवेअर थोडं मागे राहतं: लॅपटॉप आवाज थोडा साठवून मग सोडतो, त्या साठ्याला बफर म्हणतात. सेकंदाला आवाजाचे 44,100 तुकडे (सॅम्पल) धरले, तर 256 सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे 5.8 मिलिसेकंद, शिवाय इंटरफेसचा, म्हणजे लॅपटॉपचा आवाज बाहेर काढणाऱ्या यंत्राचा, वेळ वेगळा. एकाच हातोडीचे दोन ठोके ऐकू येतात आणि सारख्या लहरी काही ठिकाणी एकमेकींना खाऊन टाकतात.

मी ठोका हार्डवेअरकडे ठेवतो आणि सॉफ्टवेअरकडून फक्त अंग घेतो. म्हणजे पियानो कीबोर्डचाच, थेट ऐकायचा. लॅपटॉपवर स्ट्रिंग्ज किंवा पॅड (मागे पसरून राहणारा मऊ आवाज), अटॅक, म्हणजे आवाज पूर्ण उगवायला लागणारा वेळ, 50 ते 100 मिलिसेकंद. जो आवाज मुळातच हळू उगवतो, तो दहा मिलिसेकंद उशिरा आला तरी कुणाला कळत नाही. पॅडचा 250 हर्ट्झच्या खालचा भाग कापा, खर्ज एकट्या पियानोचा राहू द्या. पातळी इतकीच, की पॅड वाजतोय हे जाणवू नये, पण बंद केला की चुकचुकल्यासारखं वाटावं.

पेडलकडे मात्र बहुतेकांचं लक्ष जात नाही. सस्टेन पेडलचा संदेश, म्हणजे मिडीचा कंट्रोलर 64, पॅडलाही पोचतो आणि मागची कॉर्ड पुढच्या कॉर्डमध्ये मिसळून चिखल होतो. पॅडच्या ट्रॅकवर 64 अडवा आणि रिलीज, म्हणजे पट्टी सोडल्यावर आवाज विरायला लागणारा वेळ, सेकंदभर ठेवा. हात उचलल्यावर पॅड तुटत नाही, साचतही नाही.

दोन पियानोच हवे असतील, तर स्वभाव वेगळे घ्या. 1983 मध्ये आलेल्या यामाहा डीएक्स 7 चा काचेसारखा इलेक्ट्रिक पियानो अकूस्टिक पियानोवर चढवणं त्या दशकातल्या बॅलडमध्ये सर्रास चालायचं. एकाची घंटेसारखी किणकिण वर, दुसऱ्याचं लाकूड खाली, म्हणून ते जमायचं. अशा वेळी बफर 128 किंवा त्याहून कमी ठेवा आणि दोन्हीकडचं मास्टर ट्यूनिंग (सगळे सूर ज्यावर बेततात ती पट्टी) 440 हर्ट्झ आहे ना, तेही बघून घ्या.

आणखी एक शक्यता: कीबोर्डच्या लेफ्ट आणि राइट दोन्ही केबली जोडूनही शेवटी मिक्सरवर सगळं मोनो, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र, होत असेल, तर स्टिरिओ पियानो त्यानेही पोकळ होतो. तिथे एकच केबल लेफ्ट/मोनोला लावून बघा.